कार्डसंशोधन : छापील ग्रंथ की महाजाल?

काही विषय असे असतात की त्यांचे नाव काढताच गंभीर वाचकाच्या चेहऱ्यावर स्मित उमटते. सिगारेटच्या पाकिटांतून किंवा च्युइंग गमबरोबर मिळणारी खेळाडूंची चित्रकार्डे, त्यांचे संग्रह, आणि त्या संग्रहांविषयीचे संशोधन हा असाच एक विषय होय. पोरांच्या खिशातून निघालेल्या पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर मासिकाची पाने खर्ची घालावीत काय, असे कोणी विचारील तर तो प्रश्न अस्थानी म्हणता येणार नाही. आमचे उत्तर एवढेच की, ज्ञान प्रसिद्ध कोठे करावे, जपावे कसे आणि दुरुस्त कोणी करावे, हा प्रश्न आज सर्वच विद्यांपुढे उभा आहे. मोठ्या विद्यांत तो पीठे, पदव्या आणि अनुदाने यांच्या गर्दीत दिसेनासा होतो. कार्डसंशोधनास या गर्दीचा उपसर्ग फारसा नाही. त्यात जे काही कार्य झाले ते बहुतांशी हौशी माणसांनी, पदरचे पैसे मोडून, फावल्या वेळात केले. म्हणून छापील ग्रंथ आणि महाजाल यांचे गुणदोष तेथे विशेष उघडपणे पाहावयास मिळतात.

हे संशोधन म्हणजे नेमके काय, हे प्रथम सांगितले पाहिजे. उदाहरणासाठी आम्ही अमेरिकेतील एकच संच घेतो. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात आपल्या सिगारेटी व तंबाखू यांच्या पाकिटांतून बेसबॉल खेळाडूंची रंगीत कार्डे दिली. ही कार्डे सुमारे दीड इंच रुंद आणि अडीच इंचांहून किंचित उंच अशी आहेत. पुढील बाजूस पांढऱ्या चौकटीत खेळाडूचे चित्र, आणि मागील बाजूस कंपनीच्या सोळा ब्रँडांपैकी कोणत्या तरी एकाची जाहिरात. या ब्रँडांत ‘पीडमाँट’ आहे, ‘स्वीट कॅपोरल’ आहे, आणि आमच्या वाचकांस मौज वाटेल, ‘हिंदू’ या नावाचाही एक आहे. कार्डांवर अनुक्रमांक मात्र नाहीत. संच किती कार्डांचा, कोणते कार्ड आधी निघाले, कोणत्या खेळाडूचे चित्र कोणत्या जाहिरातीसह छापले गेले आणि कोणत्या जाहिरातीसह मुळीच छापले गेले नाही, यांपैकी काहीही कार्डे आपण होऊन सांगत नाहीत. मे १९११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही बलाढ्य कंपनी मोडण्याचा निर्णय दिला. मागे उरले ते हजारो घरांत विखुरलेले पुठ्ठ्याचे तुकडे. ते गोळा करून, ताडून पाहून, त्यांवरून मूळ मुद्रणाचा इतिहास उभा करणे हे कार्डसंशोधन होय. जुन्या पोथ्यांवरून मूळ पाठ ठरविणाऱ्या पंडिताचे काम याहून जातीने निराळे नाही.

या संचास आज सर्व जगात ‘टी-२०६’ या नावाने ओळखतात. हे नाव कंपनीने दिलेले नाही. ते जेफर्सन बर्डिक या न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज येथील गृहस्थाने दिले. बर्डिक (१९००–१९६३) विजेच्या उपकरणांच्या कारखान्यात सुटे भाग जोडण्याचे काम करी, आणि संधिवाताने त्याची बोटे उत्तरोत्तर आखडत चालली होती. त्याने १९३७ साली संग्राहकांसाठी एक लहानसे पत्रक सुरू केले, आणि १९३९ साली आपली कार्डसूची ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. १९४६ साली ती ‘द अमेरिकन कार्ड कॅटलॉग’ या नावाने पुन्हा निघाली, आणि पुढे १९५३ व १९६० साली तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या झाल्या. एकोणिसाव्या शतकातील तंबाखूच्या कार्डांस ‘एन’, विसाव्या शतकातील तंबाखूच्या कार्डांस ‘टी’, जुन्या मिठाईच्या कार्डांस ‘ई’, पाववाल्यांच्या कार्डांस ‘डी’ अशी अक्षरे आणि त्यापुढे संचाचा क्रमांक, अशी ही पद्धती आहे. ती इतकी साधी आहे की तीत प्रतिभेचे काही काम असेल असे प्रथमदर्शनी वाटत नाही. परंतु ज्या वस्तूंस नावच नव्हते त्यांस नाव मिळाले, आणि दोन अनोळखी माणसे पत्राने बोलू लागली तर ती एकाच वस्तूविषयी बोलत आहेत अशी खात्री प्रथमच झाली. कोणत्याही विद्येचा आरंभ येथेच होतो.

ग्रंथ म्हणून पाहिले तर बर्डिकची सूची दोषरहित नाही. ती मुख्यतः संचांची सूची आहे, एकेका कार्डाची नव्हे. तीत चित्रांचे साहाय्य नाममात्र आहे. कोणता संच कोणत्या वर्गात घालावा याविषयीचे तिचे काही निर्णय पुढील संशोधकांस मान्य झालेले नाहीत. ‘टाय कॉब’ या सुप्रसिद्ध खेळाडूच्या नावाचीच जाहिरात पाठीवर असलेले एक दुर्मिळ कार्ड टी-२०६ मध्ये धरावे की तो स्वतंत्र संच मानावा, हा वाद आजही मिटलेला नाही. परंतु येथेच आम्हांस छापील ग्रंथाचा एक मोठा गुण दिसतो. १९३९ सालच्या आवृत्तीत बर्डिक काय समजत होता आणि १९६० पर्यंत त्याने आपले मत कोठे बदलले, हे दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून कोणालाही पाहता येते. त्याची चूक त्याच्या नावावर आणि सनावर कायमची नोंदली गेली आहे. ती लपविण्याची सोय त्याला नव्हती, आणि आम्हांस वाटते, तशी इच्छाही नव्हती.

बर्डिकच्या मागून छापील ग्रंथांच्या दोन शाखा झाल्या. पहिली शाखा शोधकांची. बिल हाइटमन याने १९८० साली टी-२०६ वर ‘द मॉन्स्टर’ हे पुस्तक लिहिले. या संचास संग्राहक आजही त्याच नावाने ओळखतात. पाठीवर छापलेल्या ‘१५० विषय’, ‘३५० विषय’, ‘४६० विषय’ अशा उल्लेखांवरून मुद्रणाचे टप्पे लावणे, आणि कोणते चित्र कोणत्या पाठीसह सापडते याचा मेळ घालणे, हा या शाखेचा उद्योग. अशा पुस्तकाचे ग्राहक थोडे, खर्च फार, आणि लाभ काही नाही. दुसरी शाखा भावपत्रकांची. तिचा कर्ता जेम्स बेकेट हा संख्याशास्त्राचा प्राध्यापक होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्याने डेनिस एक्स याच्या सहकार्याने १९७९ साली बेसबॉल कार्डांच्या किमतींचा मार्गदर्शक ग्रंथ काढला आणि १९८४ साली आपले मासिक सुरू केले. क्राउझ या प्रकाशनसंस्थेने १९८८ पासून बॉब लेम्के याच्या संपादकत्वाखाली ‘स्टँडर्ड कॅटलॉग’ काढला. त्याचे जाडजूड खंड अनेक वर्षे संग्राहकांच्या मेजावर असत.

या भावपत्रकांनी संशोधनाची सेवा केली हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. प्रत्येक कार्डाची यादी देणे त्यांस व्यापारासाठीच आवश्यक होते, आणि त्या निमित्ताने लक्षावधी नोंदी छापून निघाल्या. परंतु त्यांनी एक अपायही केला, आणि त्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही असे आम्हांस वाटते. नोंदीच्या उजव्या बाजूस किमतीचा रकाना आला, आणि वाचकाची दृष्टी हळूहळू त्या रकान्यावर खिळली. हे कार्ड कोठे, केव्हा व का छापले, हा प्रश्न मागे पडून ते आज किती डॉलरांचे, हा प्रश्न पुढे आला. ज्या ग्रंथाचा प्राण किंमत हा असतो त्याचे आयुष्य किमतीइतकेच असते. १९९५ साली ‘ईबे’ निघाले, आणि झालेल्या विक्रीचा आकडा घरबसल्या दिसू लागला. तेव्हा छापील भाव वाचकाच्या हाती पडेपर्यंत शिळे होऊ लागले. क्राउझचा संसार पुढे ज्या कंपनीच्या हाती गेला होता ती २०१९ साली दिवाळखोरीत निघाली. छापील कार्डग्रंथांस उतरती कळा लागली ती महाजालामुळे, असे सर्वत्र म्हटले जाते. आमचे मत किंचित निराळे आहे. भावाच्या रकान्यावर उभी केलेली इमारत भावाचा आधार जाताच खचली. तीबरोबर जे खरे ज्ञान होते त्यासही व्यर्थ धक्का बसला.

आता महाजालाकडे वळू. ज्यांचा जन्म छापील पुस्तकांच्या सहवासात गेला अशा आमच्यासारख्या माणसांस नव्या साधनाची थोरवी मोकळ्या मनाने सांगणे जड जाते. म्हणून ती प्रथम आणि पुरतेपणी सांगतो.

टी-२०६ चा न कापलेला संपूर्ण छापील ताव आजवर उपलब्ध झालेला नाही. कोणती चित्रे तावावर एकमेकांशेजारी होती हे त्यामुळे प्रत्यक्ष पाहता येत नाही. परंतु पीडमाँटच्या ‘१५० विषय’ जाहिरातीच्या काही कार्डांच्या पाठीवर बारीक ओरखडे छापले गेलेले आढळतात. ज्या पाटीवरून जाहिरात छापली तिच्यावरच ते चरे पडले होते. एका कार्डाच्या कडेपाशी तुटलेली रेघ दुसऱ्या कार्डाच्या कडेपासून पुढे चालू होते, यावरून ती दोन कार्डे तावावर शेजारी होती हे सिद्ध होते. अशा रेघा जुळवीत संशोधकांनी तावांचे मोठे भाग कल्पनेने नव्हे, पुराव्याने उभे केले आहेत. या कामास हजारो कार्डांच्या पाठींची स्वच्छ चित्रे लागतात, आणि ती कार्डे शेकडो मालकांच्या कपाटांत असतात. कोणता प्रकाशक हजारो पाठींची चित्रे छापील? आणि छापली तरी कोणता वाचक ती विकत घेईल? हे संशोधन महाजालावाचून झालेच नसते. येथे मुद्रणाची बाजू घेणे म्हणजे केवळ हट्ट होय.

दुसरे उदाहरण संस्थांचे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसपाशी बेंजामिन एडवर्ड्स याने जमविलेली १८८७ ते १९१४ या काळातील सुमारे २,१०० बेसबॉल कार्डे आहेत. कवी कार्ल सँडबर्ग याने ती १९५४ साली ग्रंथालयास दिली. पूर्वी ती पाहावयाची तर वॉशिंग्टनचा प्रवास करावा लागे. आज ती पुण्यात किंवा पणजीत बसून कोणीही विनामूल्य पाहू शकतो. त्याच ग्रंथालयाने २००७ पासून जुनी अमेरिकन वृत्तपत्रे महाजालावर शोधता येतील अशी करून ठेवली आहेत. शंभर वर्षांपूर्वीची तंबाखूची जाहिरात किंवा खेळाडूविषयीची दोन ओळींची बातमी शोधण्यासाठी पूर्वी महिना खर्ची पडे, तेथे आज एक दुपार पुरते. तिसरे उदाहरण ग्रंथाचे. स्कॉट रीडर याने टी-२०६ वर लिहिलेला ‘इनसाइड टी-२०६’ हा मार्गदर्शक ग्रंथ महाजालावर विनामूल्य दिला, आणि संचास शंभर वर्षे झाली तेव्हा, २००९ साली, त्याची शताब्दी आवृत्ती काढली. या ग्रंथाचे आम्हांस विशेष कौतुक वाटते. तो महाजालावर असूनही ग्रंथ आहे: त्याला कर्ता आहे, आवृत्ती आहे, सन आहे, पृष्ठांक आहेत. माध्यम नवे आणि शिस्त जुनी, असा हा संयोग आहे, आणि आमच्या पुढील म्हणण्याची किल्ली त्यातच आहे.

कारण महाजालावरील बहुतेक कार्डसाहित्यास ही शिस्त नाही. तेथील दोष अज्ञानाचे असते तर आम्ही त्यांविषयी लिहिलेच नसते; अज्ञान छापील पुस्तकांतही पुष्कळ आहे. दोष आहे तो मागमूस न ठेवता बदलण्याचा. एखाद्या संकेतस्थळावरील यादीत काल एक कार्ड होते, आज नाही. ते का काढले, कोणी काढले, कोणत्या पुराव्यावरून काढले, याची नोंद नाही. दुरुस्ती योग्य असेलही, परंतु ती तपासण्याचा मार्ग दुरुस्तीनेच पुसून टाकला. छापील पुस्तकातील चूक एखाद्या वेळी पन्नास वर्षे टिकते, हे खरे. परंतु त्या पन्नास वर्षांत तिचे खंडन करण्यास ती जागेवर सापडते. जी चूक जागा बदलते तिचे खंडन करावयाचे कसे?

आणि हे तर पान शिल्लक राहिले तर! याहू कंपनीने २००९ साली ‘जिओसिटीज’ ही सेवा बंद केली, आणि हौशी माणसांनी वर्षानुवर्षे खपून रचलेली असंख्य पाने एका दिवसात मालवली. ‘इंटरनेट आर्काइव्ह’सारख्या संस्थेने त्यांतील पुष्कळ वाचविली हे तिचे उपकार होत, परंतु ज्ञानाचे रक्षण उपकारावर सोपविणे शहाणपणाचे नव्हे. संग्राहक मरण पावतो, संकेतस्थळाचे वार्षिक शुल्क भरावयाचे राहते, आणि तीस वर्षांचा अभ्यास नाहीसा होतो. छापील पुस्तकाचा लेखकही मरतो. परंतु कोणा अनोळखी माणसाच्या फळीवर त्याची एक प्रत धूळ खात पडलेली असते, आणि ती धूळच तिचे रक्षण करते.

दुसरा दोष पुनरुक्तीचा. होनस वॅगनर या थोर खेळाडूचे टी-२०६ मधील कार्ड फार थोड्या संख्येने वाटले गेले, आणि त्यामुळे ते अत्यंत दुर्मिळ झाले. २०२२ च्या ऑगस्टमध्ये त्याची एक प्रत ७२,५०,००० डॉलरांस विकली गेली. ते कार्ड थांबविले का? मुलांनी तंबाखू विकत घेऊ नये म्हणून वॅगनरने आपले चित्र नाकारले, ही कथा सर्वश्रुत आहे. त्याला पैसे हवे होते, अशी दुसरी कथा आहे. वॅगनर स्वतः तंबाखू चघळत असे, हा पहिल्या कथेवरील आक्षेप. मुलांस तंबाखूपासून दूर ठेवू इच्छिणारा माणूस स्वतः व्यसनी असू शकतो, हे त्या आक्षेपास उत्तर. म्हणजे प्रश्न पुराव्याचा आहे आणि तो उघडा आहे. महाजालावर मात्र पहिली कथा इतक्या ठिकाणी, इतक्या समान शब्दांत आढळते की शंभर साक्षीदार उभे आहेत असा भास होतो. वास्तविक तो एकच साक्षीदार शंभर आरशांत दिसत असतो. एकाच पोथीच्या शंभर नकला म्हणजे शंभर पोथ्या नव्हेत, हे पाठचिकित्सेचे पहिले सूत्र आहे, आणि ते जितके पोथीस लागू तितकेच संकेतस्थळास लागू.

तिसरे उदाहरण आकड्यांचे. कार्डाची प्रत तपासून, तिला गुण देऊन ती प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करणाऱ्या कंपन्या आहेत. आपण कोणते कार्ड किती वेळा तपासले याचे आकडे त्या महाजालावर देतात, आणि संशोधक त्यांवरून दुर्मिळतेचे अनुमान करतात. परंतु अधिक गुण मिळतील या आशेने मालक डबी फोडून तेच कार्ड पुन्हा पाठवितो, आणि एक कार्ड गणनेत दोनदा धरले जाण्याचा संभव राहतो. शिवाय आजचा आकडा कालच्या आकड्यावर लिहिला जातो. दहा वर्षांपूर्वी आकडा काय होता हे ज्याने त्या वेळी उतरून ठेवले असेल त्यालाच ठाऊक. जनगणनेचे जुने अहवाल नष्ट करून केवळ आजची लोकसंख्या सांगणाऱ्या सरकारास आम्ही काय म्हणू?

येथवर वाचून कोणी म्हणेल की आम्ही मुद्रणाचे भक्त आहोत आणि छापलेले ते खरे असे मानतो. या आक्षेपास उत्तर देण्यासाठी एक प्रसंग सांगणे प्राप्त आहे. वॅगनरच्या कार्डाची एक विशेष सुंदर, टोकदार कोपऱ्यांची प्रत १९८५ साली बिल मॅस्ट्रो याने २५,००० डॉलरांस घेतली. १९९१ साली सदबीज या लिलावगृहात ती आइस हॉकीपटू वेन ग्रेट्स्की व त्याचा भागीदार ब्रूस मॅकनॉल यांनी ४,५१,००० डॉलरांस घेतली. पीएसए या कंपनीने तपासलेले ते पहिले कार्ड, आणि त्यास तिने दहापैकी आठ गुण दिले. २००७ साली तिची किंमत २८ लक्ष डॉलरांवर गेली. त्याच वर्षी मायकेल ओकीफ आणि तेरी थॉम्प्सन या पत्रकारांनी ‘द कार्ड’ या पुस्तकात त्या सुंदर कडांविषयीच्या शंका सविस्तर मांडल्या. १९१० च्या सुमाराचे कार्ड इतके नितळ कसे? २०१३ साली मॅस्ट्रोने शिकागो येथील न्यायालयात फसवणुकीचा गुन्हा कबूल केला, आणि त्या कार्डाच्या कडा आपण कापल्या होत्या हेही मान्य केले. २०१५ साली त्यास वीस महिन्यांची शिक्षा झाली.

या प्रसंगात छापील वर्णनांनी सत्य सांगितले नाही. गुणांच्या छापील चिठ्ठीनेही ते सांगितले नाही. तेव्हा कागदावर शाई उमटली म्हणजे प्रामाण्य आले, असे मानणारा मूर्ख ठरेल. परंतु याच प्रसंगाची दुसरी बाजूही पाहावी. लिलावाचे छापील वर्णन सनासह कोणाच्या तरी फळीवर राहते. नंतर कोणास पश्चात्ताप झाला म्हणून ते बदलता येत नाही. २००७ चे पुस्तक निघाले तेव्हा कबुलीजबाबास सहा वर्षे अवकाश होता. पुस्तकातील शंका खोट्या ठरत्या तर त्या लेखकांची अप्रतिष्ठाही तितकीच कायमची झाली असती. स्वतःची अप्रतिष्ठा पणास लावून बोलणे यालाच आम्ही प्रकाशन म्हणतो. मुद्रणाचे महत्त्व आमच्या दृष्टीने त्याच्या दीर्घायुष्यात नाही, आणि कागदाच्या वासात तर नाहीच नाही. छापील ग्रंथ आपली चूक लपवू शकत नाही, यात ते आहे.

आणखी एका धोक्याकडे वाचकाचे लक्ष वेधले पाहिजे. आज कार्डांविषयीची सर्वांत विस्तृत, सचित्र आणि सुबक टिपणे लिलावगृहे महाजालावर देत असतात. त्यांतील काही खरोखर विद्वत्तापूर्ण असतात. परंतु ती ज्या हातांनी लिहिली त्याच हातांस ते कार्ड विकावयाचे असते. बेकेटच्या पुस्तकात किंमत नोंदीच्या शेजारी होती. येथे नोंदच किंमतीच्या सेवेस लागली आहे. वकील कितीही प्रामाणिक असला तरी त्याच्या युक्तिवादास कोणी न्यायपत्र म्हणत नाही. विक्रेत्याच्या टिपणापासून माहिती अवश्य घ्यावी, परंतु तिचा उगम सांगून घ्यावी.

मग कर्तव्य काय? पुनः छापखान्याकडे जा, असे सांगणे व्यर्थ आहे. ओरखड्यांचे संशोधन कोणी छापणार नाही, आणि छापू म्हणता पुरवणार नाही. महाजालास ग्रंथाची शिस्त लावणे हाच मार्ग आम्हांस दिसतो. ती शिस्त कशी असावी याचे उदाहरण शोधण्यास दूर जावे लागत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. १९१९ साली आरंभलेले हे काम १९६६ साली पुरे झाले. त्या आवृत्तीत वर स्वीकृत पाठ आणि खाली नाकारलेले पाठभेद, कोणत्या पोथीत कोणता तो सांगून, दिलेले आहेत. संपादकाने नाकारलेलाही पाठ पुसलेला नाही. त्यामुळे संपादकाशी वाद घालण्याचे साहित्य संपादकानेच वाचकाच्या हाती दिले.

कार्डांच्या क्षेत्रात याची गरज किती आहे ते पाहा. टी-२०६ मध्ये फिलाडेल्फियाचा खेळाडू शेरी मॅगी याचे आडनाव प्रथम चुकीच्या वर्णांनी छापले गेले आणि मागून सुधारले. न्यूयॉर्कच्या अमेरिकन लीगमधील ज्यो डॉइल याच्या काही थोड्या कार्डांवर, त्याच शहरातील दुसऱ्या डॉइलशी गल्लत होऊन, नॅशनल लीगचे नाव पडले आणि ते मागून काढले. हे दोन्ही खरे पाठभेद होत, कारण छापणाऱ्याने जाणूनबुजून फरक केला. परंतु स्नॉडग्रास या खेळाडूच्या काही कार्डांवर नावाचे पहिले अक्षरच उमटलेले नाही. तेथे कोणी काही बदलले नाही. छापताना अक्षर गळाले, एवढेच. हा मुद्रणाचा अपघात होय. पाठभेद कोणता आणि अपघात कोणता, या निर्णयावर संच ५२३ कार्डांचा, ५२४ कार्डांचा की त्याहून मोठा, हे ठरते. असा निर्णय जो देतो त्याने आपली कारणे सांगावीत, आणि ज्याने पूर्वी निराळा निर्णय दिला त्याचाही उल्लेख ठेवावा. एवढी अपेक्षा फार आहे काय?

म्हणून महाजालावरील संशोधकांपाशी आमचे मागणे थोडे आहे. पानावर लेखकाचे नाव आणि दिनांक असावा. दुरुस्ती केल्यास जुना मजकूर वाचता येईल असा ठेवावा, आणि दुरुस्तीचे कारण लिहावे. पुराव्याचे चित्र कोणाच्या संग्रहातील ते सांगावे. आणि वर्षातून एकदा त्या वेळचा संपूर्ण मजकूर आवृत्ती म्हणून बांधून, त्याच्या प्रती दोन-तीन ग्रंथालयांत ठेवाव्यात. त्या कागदी असोत वा नसोत. ज्याला हे जाच वाटेल त्याने आपल्या मजकुरास गप्पा म्हणावे, आमची हरकत नाही. गप्पांतही ज्ञान असते. परंतु संशोधन हे नाव घ्यावयाचे तर त्याची जबाबदारीही घेतली पाहिजे.

शेवटी पुनः बर्डिककडे येऊ. त्याने आपला तीन लक्षांहून अधिक कार्डे व कागदी वस्तूंचा संग्रह, ज्यात तीस हजारांहून अधिक बेसबॉल कार्डे होती, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयास दिला. १९४७ पासून तो टप्प्याटप्प्याने तेथे जाऊ लागला, आणि पुढील सुमारे पंधरा वर्षे बर्डिक स्वतः त्या संग्रहालयात बसून, आखडलेल्या बोटांनी, एकेक कार्ड क्रमाने वह्यांत चिकटवीत राहिला. जानेवारी १९६३ मध्ये हे काम संपले आणि मार्चमध्ये तो वारला.

आजचा संग्राहक हे ऐकून हळहळतो. चिकटविलेल्या कार्डाची बाजारातील किंमत मातीमोल होते, आणि त्या वह्यांत वॅगनरचेही कार्ड होते! परंतु बर्डिकला ती विकावयाचीच नव्हती. त्याने प्रत्येक कार्डास एक जागा दिली, ती जागा छापून जाहीर केली, आणि चूक असल्यास कोणीही येऊन दाखवावी म्हणून ते कार्ड त्या जागेवरून हलणार नाही अशी व्यवस्था केली. आज त्या वह्यांतील कार्डे महाजालावरही पाहता येतात, आणि तेथेही ती त्याने दिलेल्या क्रमांकांनीच सापडतात. नव्या साधनास त्या जुन्या डिंकाची अडचण झाली नाही. उलट त्याचाच आधार झाला. महाजालावर लिहिणाऱ्या प्रत्येक संशोधकाने आपला मजकूर असा कोठे तरी चिकटवून ठेवावा, एवढीच आमची इच्छा आहे.